येळवसेला निघालेली जीप

आमच्या शाळेत एक सर होते. चांगला माणूस होता, असं मी काही म्हणणार नाही. चांगल्या माणसाशेजारी बसलं की जिवाला गार वाटतं. ह्यांच्याशेजारी बसून माझं डोकं कायम तापलेलं. आजसुद्धा कुठं डिझेलचा वास आला की मला ते आठवतात. आठवले की आधी त्यांचा राग येतो, मग गावाचा येतो, आणि शेवटी नेमका कुणाचा येतोय तेच कळेनासं होतं.

शाळा दोन शिक्षकांची. एक ते आणि एक मी. आळंद तालुक्यात, खजुरीच्या बाजूला. गाव कर्नाटकात, शाळा मराठी, आणि ओढ्यापलीकडं चार शेतं ओलांडली की महाराष्ट्र. सर नोकरीत माझ्या आधीचे, वयानं मोठे, तेव्हा मुख्याध्यापकपद त्यांचंच. पण त्यांनी ते घेतलं नाही. "सह्या करायला तुम्ही, शिकवायला मी. दोगं बी सह्याच करायलाव म्हणल्यावर लेकरांना कोण बघंल, अक्का?" असं भर पालकसभेत म्हणाले. म्हणजे पद माझं आणि अपमानही माझाच. माझं माहेर जनवाड्याचं, बोलण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. पण ह्या माणसापुढं मी हात टेकले होते.

घर त्यांचं लिंगायत. घरात कन्नड, शेतात मराठी, आणि बापानं निजामाच्या राज्यातली उर्दू शाळा शिकलेली, त्यामुळं तीही जिभेवर. गळ्यात लिंग. काम सुरू करायच्या आधी शर्टावरून त्याला एकदा हात लावायचे, बस, एवढीच त्यांची पूजा. मुहूर्त, पंचांग, राहुकाळ असलं काही मानायचे नाहीत. नुसतं मानायचे नाहीत असं नव्हे, मुद्दाम मोडायचे. कुणी म्हणालं की आज अमुशा, म्हणजे अमावास्या, आहे, तर आजच पान्हा हातात घ्यायचे. "काम हीच पूजा म्हणतायत ना आपल्यात? मग पूजेला कसला आलाय मुहूर्त?" ह्यावर कुणी काही बोललं की भांडण. भांडण मात्र मराठीतच. नटबोल्ट निघेना झाला की शिवी कन्नडमधून, "हाळाग होग!", म्हणजे तुझं वाटोळं होवो. भंगारवाल्याशी सौदा उर्दूतून. "भांडायला मराठीच बरी, अक्का. माणूस दमंपतूर शब्द पुरतात."

माणसांना ते पान्ह्यांची नावं ठेवायचे. गावातला एक पुढारी दहा-अकरा, कारण बारकासा, आणि कुठंच घट्ट बसत नाही. आमचे तालुक्याचे साहेब म्हणजे ॲडजस्टेबल, समोर जो नट येईल त्याच्या मापाचे होणारे. मी सोळा-सतरा. कामून, असं विचारलं तर म्हणाले, "लागतोय सगळीकडं, पण अडकला की निघत न्हाई." मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

इंजिनाचं वेड कुठून लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ह्या भागातल्या विहिरीवरचं त्यांच्या हाताखालून न गेलेलं एकही डिझेल इंजिन नसेल. रविवारी सायकलीला पान्ह्यांची पिशवी अडकवून निघायचे. पैसे घ्यायचे नाहीत. कुणी द्यायला लागलं तर चिडायचे. पण फुकटही करायचे नाहीत, हे महत्त्वाचं. गोठ्यात पडलेलं जुनं बेअरिंग, गंजलेला एखादा पाइप, गिरणीचा तुटका पट्टा, असलं काहीतरी मागून घ्यायचे आणि ते शाळेच्या मागच्या खोलीत आणून टाकायचे. ती खोली शालेय पोषण आहाराच्या धान्याची. तांदळाच्या पोत्यावर वंगण लागलेलं दिसलं की आमची स्वयंपाकीण रडायला बसायची, आणि तिला समजवायला मी.

जीप अशीच आली. ऊसतोडीच्या एका मुकादमाची बोअरची मोटार ह्यांनी दुरुस्त करून दिली. मुकादम म्हणाला, सर, काय पाहिजे ते मागा. ह्यांनी त्याच्या बांधावर बाभळीखाली पडलेलं जीपचं मढं मागितलं. लांब जीप, मागं समोरासमोर बाकडी असलेली. सीटवर कोंबडी अंडी घालायची. मुकादम हसत सुटला आणि स्वतःच्या ट्रॅक्टरनं ओढत शाळेत आणून टाकली.

"हे काय आणलाव?" मी विचारलं.

"शाळा," ते म्हणाले.

तेव्हा मला वाटलं, झालं, सरकली. पण त्यांचं गणित सरळ होतं. गावातली निम्मी लेकरं केव्हाच दुसरीकडं जायला लागली होती. आमच्या पटावर उरली होती ती बरीचशी ओढ्याकडच्या वस्तीवरची. वस्ती लांब. मधे ओढा, पावसाळ्यात त्याला पाणी, उन्हाळ्यात पायाला चटके. मोठी लेकरं चालत यायची, बारकी दमायची, आठवड्यातले निम्मे दिवस घरीच. तालुक्याचे साहेब दिवाळीच्या सुट्टीआधी येऊन स्पष्ट सांगून गेले होते: संक्रांत झाली की वर्गात बसलेली लेकरं मोजायला येईन. पटावरची नाही, बसलेली. कमी भरली तर जूनपासून शाळा बंद, आणि तुम्ही दोघं जिथं जागा असेल तिथं. सरांचं म्हणणं असं, की वस्तीवरची सगळी लेकरं रोज वर्गात बसली तर शाळा वाचते. आणि लेकरं रोज यायची असतील तर गाडी पाहिजे. मराठीची काळजी करणारी भाषणं आमच्याकडं खूप होतात, दोन्ही राज्यांतून पुढारी येऊन करतात. गाडी कुणी देत नाही.

इंजिन उघडलं तेव्हा आत काही शिल्लक नव्हतं. मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, पण रोज ऐकून ऐकून कळायला लागलं. पिस्टन ज्या गोल भोकात खालीवर होतो त्याला बोअर म्हणतात. ते झिजलं की लेथवर कातून मोठं करायचं आणि त्या मापाचा नवा पिस्टन घालायचा. नव्याला पैसा लागतो. तो ह्यांच्याकडं नव्हता, कारण पगार घरी जायचा आणि घरी बायको त्यांच्याइतकीच खमकी होती. म्हणून सुट्टी आली की हैदराबादच्या भंगारबाजारात. धोतराच्या फडक्यात जुना पिस्टन गुंडाळून एसटीनं जायचे, दिवसभर एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या फळीवर बसून चहा प्यायचे आणि मापाचा पिस्टन ढिगातून हुडकायचे. तो म्हणायचा म्हणे, "मास्टर, नवा लेलेव ना भई, कैकू आँखां फोड लेते!" हे म्हणायचे, "नक्को मियाँ, नवा लिए तो मजा नै." मजा कसली, परवडत नव्हतं. पण परवडत नाही हे शब्द त्या माणसाच्या तोंडातून मी कधी ऐकले नाहीत.

सुटे भाग धुवायला त्यांनी आमची स्वयंपाकाची मोठी परात घेतली, डिझेलनं भरली, आणि परत आणून ठेवली तशीच. त्या दिवशीची खिचडी फेकून द्यावी लागली. लेकरं उपाशी. मी म्हणाले, "सर, लेकरांसाठी करायलाव म्हणताव, आन् लेकरांच्याच तोंडचा घास काढलाव!" त्यावर माफी मागतील असं तुम्हाला वाटेल. छे! घरी गेले, आपल्या घरचं ज्वारीचं पीठ आणलं, स्वयंपाकिणीला चुलीवरून उठवलं आणि स्वतः भाकरी थापायला बसले. भाकरी जाड, कडेला करपलेल्या. लेकरांना वाढताना म्हणाले, "डिझेलपेक्षा बरं हाय का न्हाई?" लेकरं हसून हसून लोळली. माझा राग तसाच राहिला, आणि परातीला आणखी महिनाभर वास येत राहिला.

इंजिनाच्या दोन भागांमधल्या पॅकिंगला जाड कागद लागतो, तर त्यांनी भिंतीवरचा कापडी नकाशाच कापला. दोन्ही राज्यं असलेला, सरकारी सामानात नोंद असलेला नकाशा! मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, "हद्द कुठून जातीया ते हितल्या शेरडाला बी ठाऊक हाय. नकाशाची काय गरज?"

एकदा मी शिक्षकांच्या बैठकीत विषय काढला. आजूबाजूच्या मराठी शाळांतले सगळे शिक्षक थोडी थोडी वर्गणी द्यायला तयार झाले. नवे पिस्टन, नवी बेअरिंगं, एका झटक्यात काम झालं असतं, तेही दिवाळीत. मी आनंदानं येऊन सांगितलं. सरांनी हात पुसले.

"वर्गणीचं इंजिन म्हणल्यावर प्रत्येकजण येऊन बॉनेट उघडून बघणार. मला न्हाई जमणार."

"सर, शाळा बंद पडंल!"

"तुमी सह्या करा, अक्का."

हे मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. लोक त्यांना थोर म्हणतात, स्वाभिमानी म्हणतात. स्वाभिमान कसला! हट्ट. त्या हट्टात दोन महिने गेले, आणि ते दोन महिने आम्हाला नडले.

मार्गशीर्षात एका दुपारी इंजिन चालू झालं. सगळी शाळा भोवती गोळा. सरांनी हातानं हँडल फिरवलं, एकदा, दोनदा, मग खोकलं, मग पांढरा धूर, आणि मग जे धडधडायला लागलं! लेकरांनी असा गलका केला की पलीकडच्या शेतातले लोक पळत आले. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर कान लावून ऐकत होते. एवढंच म्हणाले, "धूर जास्ती हाय."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी तिसरीच्या लेकराला सांगावं तसं. नवीन कातलेलं इंजिन अजून घट्ट आहे. बाळंतिणीसारखं सांभाळायचं. ओझं उचलू द्यायचं नाही, पळवायचं नाही, रोज थोडं थोडं रिकामंच फिरवायचं, म्हणजे आतली लोखंडं एकमेकांना सरावतात. मग ते कितीही ओढेल. "संक्रांतीपतूर सरावतंय बगा. मग वस्तीवरची लेकरं एका खेपंत."

रिकामी जीप रस्त्यावर पहिल्यांदा काढायचा दिवस त्यांनी कोणता धरावा? येळवस. वेळ अमावास्या. बाहेरच्यांना सांगायला हवं: आमच्या ह्या पट्ट्यात ह्या एका दिवशी गाव ओस पडतं. घराला कुलूप लावून सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, आंबील, पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे. आणि ह्या दिवशी कुणाला नाही म्हणायचं नसतं. बांधावरून जाणारा वैरी असला तरी हाक मारून जेवायला बसवायचा. आमच्या आज्या-पणज्यांपासूनची रीत.

मी म्हणाले, "सर, आज नका काढू. सगळा गाव रस्त्यावर असतोय."

"अमुशा म्हून भ्यायलाव व्हय?"

"अमुशेला न्हाई. गावाला भ्यायलेय."

ऐकतील तर ते सर कसले. मी शेजारी बसले, कारण कुणीतरी शहाणं माणूस सोबत असावं. शाळेच्या फाटकातून जीप निघाली, बैलगाडीच्या चालीनं. सरांचा एक कान इंजिनाकडं. वळणावर वस्तीवरची एक म्हातारी उभी, डोक्यावर आंबिलीचं गाडगं, नातीचा हात धरलेला. नात आमच्याच शाळेत, दुसरीत. म्हातारीनं जीप बघितली आणि तोंडभर हसली.

"गुरुजी, गाडी झाली व्हय? सोडा की मला वस्तीपतूर."

सरांनी ब्रेक दाबला. मला वाटलं, म्हातारीच तर आहे, बसू दे. ती बसली. आणि मग मागून येणाऱ्यांनी गाडी थांबलेली बघितली. अगं माय माय माय! बायका, टोपल्या, पातेली, उसाच्या मोळ्या, अंगावरची लेकरं. मागची बाकडी भरली, मग मधली जागा, मग मागच्या फळीवर गडी लटकले. शेवटी गावातले अण्णा आले. दुकान, टेम्पो, शेती, सगळंच बक्कळ, आणि अंगानंही तसेच. त्यांनी मला "म्याडम, जरा सरका" म्हणून पुढच्या सीटवर बूड टेकलं, आणि त्यांच्या गड्यानं दोन पितळी घागरी पायाशी ठेवल्या.

मी ओरडले, "सर, न्हाई म्हणा! उतरवा सगळ्यांना!"

ज्या माणसानं तालुक्याच्या साहेबाला तोंडावर ॲडजस्टेबल म्हटलं, माझ्यासारखीला भर सभेत सह्याजीराव केलं, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आज येळवस हाय, अक्का. आन् हीच माणसं हायत. ह्यास्नी आज न्हाई म्हणलं तर उद्या लेकरं कोण देईल?"

वस्तीच्या अलीकडं चढ आहे. तिथं पहिल्यांदा आवाज बदलला. सरांनी चाल आणखी कमी केली. ते अण्णांना म्हणाले, "जरा उतरताव का, चढापुरतं?" अण्णा म्हणाले, "आवो, इंजिन बांधलाव का खेळणं?" मागं सगळे हसले. सरांनी खालचा गिअर टाकला. चढाच्या निम्म्यात आतून एक करकर आली, काहीतरी दातावर दात घासल्यासारखी, आणि जीप जागेवर थांबली. वाफ. हँडल घातलं तर ते हलेना. पिस्टन आत चिकटला होता.

कुणाला काही वाटलं नाही हो! हेच मला अजून सहन होत नाही. उतरले, टोपल्या डोक्यावर घेतल्या. "चला, आलंच की शेत." कुणी वाईट नव्हतं, कुणी टोमणा मारला नाही. उलट प्रत्येकानं जाताना आग्रह केला, "सर, या जेवायला, आमच्या कोपीवर या." अण्णांनी दोनदा बोलावणं पाठवलं. म्हातारीनं तर परत येऊन वाडगाभर आंबील आणून दिली. ज्या माणसाच्या इंजिनाचा त्यांनी जीव घेतला, त्याला जेवू घालायला सगळं शिवार तयार होतं.

सरांनी मातीनं हात घासले, आंबील प्यायले आणि म्हणाले, "झकास झालीय."

"सर, तुम्हाला काहीच वाटत न्हाई?"

"वाटून इंजिन सुटतंय व्हय?"

वाडगा जमिनीवर ठेवताना तो कलंडला.

आणि गाव पुढं काय म्हणालं ठाऊक आहे? ओझ्यानं बसली, असं एकजण म्हणाला नाही. "अमुशेला काढली म्हून बसली. सर काई मानत न्हाईत, त्येचं हे." दुकानात, पारावर, वस्तीवर, हेच. येळवस म्हणजे सगळ्या शिवाराचा सण, पण गाडी बसली म्हटल्यावर ती लगेच नुसती अमुशा झाली. मी एकदोघांशी भांडलेसुद्धा. "म्याडम, तुमी शिकलेली मान्सं, तुमाला न्हाई पटायचं," म्हणाले.

मग सरांनी सगळं पुन्हा खोललं. पिस्टन गेला होता, बोअरला ओरखडे. पुन्हा कातायचं, पुन्हा हैदराबाद, पुन्हा ढीग. तेवढे दिवस हातात नव्हते. ह्या वेळी मी त्यांना न विचारता अण्णांकडं गेले. म्हणाले, फक्त साहेब येईपर्यंत तुमचा टेम्पो वस्तीवर पाठवा सकाळचा. अण्णा म्हणाले, "बगू की." आमच्याकडं बगू की म्हणजे नाही. मी वस्तीवर घरोघर फिरले. सगळ्यांनी चहा दिला. "पाठवतो की म्याडम, न पाठवायला काय झालं." पण दिवस हरभऱ्याचे, ज्वारीच्या राखणीचे. मोठी लेकरं शेतात, आणि मोठी नाहीत म्हणून बारकीही नाहीत.

संक्रांत झाली आणि साहेब आले. वर्गात ऐसपैस बसलेली लेकरं त्यांनी बोट न दाखवता मोजली. माणूस वाईट नव्हता. सर त्यांना हाताला धरून मागं घेऊन गेले, उघडं इंजिन दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला विनवणी करताना बघितलं. "साहेब, पंधरा दिवस द्या. वस्तीवरची सगळी लेकरं आणून दाखवतो. हे एवढं बसलं की झालं." साहेब इंजिनाकडं बघत म्हणाले, "मास्तर, मला गाडी काय दाखवायलाव? लेकरं दाखवा."

जूनमध्ये दाखले न्यायला सगळे आले. म्हातारीही आली, गुळाचा खडा घेऊन. "शाळा बंद व्हायली म्हणं, लई वाईट झालं गुरुजी. तुमच्यावानी शिकवणारं न्हाई कुणी." सरांनी गूळ तोंडात टाकला. मी दाखल्यावर सही केली. सह्याच तर करायच्या होत्या मला.

जीप तिथंच पडलेली. अण्णांनी निरोप पाठवला, शाळाच नाही तर गाडी काय करताव, मी उचलतो. सर म्हणाले, न्या. अण्णांनी ती शहरातल्या गॅरेजात नेली आणि सगळा नवा संच टाकला. सरांनी महिनोन्महिने भंगारात डोळे घालून जे केलं ते आठवड्यात झालं. पैसा असला की इंजिनाला अक्कल लागत नाही. मग पिवळा रंग, वर पत्र्याचं छत, आणि तालुक्याच्या वाटेवर निघालेल्या नव्या इंग्रजी शाळेचं काम. वस्तीवरून सकाळी गाडी भरून जायला लागली. ज्यांना चालत यायला जमत नव्हतं त्यांना आता फी भरून जायला जमत होतं. कसं जमत होतं ते तेच जाणोत. लेकरांचं भलं व्हावं असं कुठल्या माय-बापाला वाटत नाही? पण मला ह्या लोकांबद्दल चांगलं बोलायला सांगू नका.

आम्ही दोघं दोन दिशांना. मला एका मोठ्या शाळेत घेतलं, त्यांना सायकलीनं तासाभराच्या अंतरावरच्या एका खेड्यात. भेट नाही, फोन नाही. फोन केला असता तर भांडलेच असते.

मग एकदा फाट्यावर मी एसटीची वाट बघत उभी होते. सकाळचं ऊन चांगलंच वर आलेलं. रस्त्याच्या कडेला पिवळी जीप उभी, बॉनेट उघडं, आणि बॉनेटखाली कुणाची तरी पाठ. ती पाठ मी कुठंही ओळखली असती. सायकल झाडाला टेकवलेली. ते आपल्या शाळेला निघालेले, वाटेत गाडी बंद दिसली, थांबले. ड्रायव्हर विडी ओढत बाजूला.

"सर! हे कामून करायलाव तुम्ही?" मी सरळ ओरडलेच. "ह्यांची गाडी, ह्यांची शाळा. ढकलू द्या की त्यांना!"

त्यांनी मान वर केली नाही. "डिझेलच्या नळीत हवा धरलीय. आत लेकरं उकडायलीत, अक्का."

लेकरं आत दाटीनं बसलेली. टाय, बूट, मोजे, घामाघूम. त्यात ती म्हातारीची नात. दुसरीत ह्यांच्याच हाताखाली होती. वाचायला ह्यांनीच शिकवलं तिला. सरांनी नट सैल केला, अंगठ्यानं पंप दाबत दाबत हवा काढली, नट आवळला आणि हात पुसत तिच्या बाजूच्या खिडकीशी आले.

"काय गं, आज्जी बरी हाय का?"

पोरगी हसली. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिनं शेजारच्या मोठ्या मुलीकडं बघितलं, मग ड्रायव्हरकडं, आणि मान खाली घातली.

"आवो, लेकरू बोलत कामून न्हाई?" मी ड्रायव्हरला म्हणाले.

"गाडीत बसलं की शाळा चालू धरतेत, म्याडम. मराठी बोललं की फाईन. कन्नड बी न्हाई चालत. ह्या मोठ्या पोरीला नावं सांगायला ठेवलंय."

माझं डोकं भणाणलं. "ठाऊक तरी हाय का, ही गाडी कुणी उभी केलीय? कुणासाठी केलीय?"

"अण्णांची हाय की," ड्रायव्हर म्हणाला. त्याचं काय चुकलं! त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी पुढं बोलणार, तेवढ्यात पोरीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी. ती बोलणार होती, फाईन लागो नाहीतर काही होवो, तिला सांगायचंच होतं आज्जीचं काय ते. सरांनी खिडकीतून हात आत घातला आणि काळं बोट अलगद तिच्या ओठांपाशी धरलं.

"गप. बोलू नगंस, बाळ. फाईन लागंल तुला."

आणि वळून ड्रायव्हरला म्हणाले, "हाण स्टार्टर."

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. लेकरं वेळेवर शाळेला गेली.